माहेरचे ठिपके

चांदा जिल्ह्यातल्या माणसाचे तोंड जास्तीत जास्त किती उघडते, हे माझ्या बायकोच्या मामांइतके त्या काळी दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. आपण माणसे चेहऱ्याने ओळखतो, मामाजी टाळूने ओळखत. बाजारात कोणी रामराम केला तर ते कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे पाहत राहायचे. त्याच माणसाने जांभई दिली की मात्र लगेच त्याच्या पाठीवर थाप पडे, "अरे, तू त आरमोरीचा! डाव्या गालात तंबाखू ठेवनारा!" वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत पाटलांनी, पटवाऱ्यांनी, दोन फौजदारांनी आणि एका रेंजरसाहेबाने त्यांच्यापुढे निमूटपणे आ केला होता. सबंध जिल्ह्यात एकच तोंड त्यांना आतून पाहायला मिळाले नव्हते, आणि ते त्यांच्या स्वतःच्या घरात होते. ते मामींचे. लग्नाच्या नव्यानवलाईत एकदा त्यांनी मामींना "आ कर" म्हटले होते म्हणे. मामींनी पदर तोंडावर ओढून "मी काय बाजारातला बैल होय?" एवढेच विचारले आणि तो विषय तीस वर्षे बंद पडला. त्या एका बंद तोंडापायी मामाजींची पुढे जी दशा झाली ती मी जवळून पाहिली आहे.

मामाजी सरकारी नोकरीत देवी टोचायचे. खेड्यातले लोक त्यांना 'टिकेवाले डाक्टर' म्हणत आणि ते दिसताच पोरे झाडावर चढत. अंगाने उंच आणि हाडकुळे, खाकी अर्धी चड्डी, तिच्यावर बारमाही काळा कोट, आणि सायकलला एक सोडून दोन घंट्या. एक घंटा माणसांसाठी आणि एक अस्वलांसाठी, असे ते सांगत. कोणती कोणासाठी हे ते ऐनवेळी विसरत, म्हणून दोन्ही वाजवत. ते घरी येत आहेत हे मामींना अर्ध्या मैलावरून कळायचे. कोटाच्या एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात फडक्यात गुंडाळलेला चमचा, आतल्या खिशात वही. मुलाला सुई टोचली की ते भोकाड पसरायचे, आणि भोकाड पसरले की मामाजी त्यात डोकावायचे. पुढे मुलाला धरून बसलेल्या आयांची तोंडे पाहू लागले, मग आज्यांची, मग दारात बिडी ओढत बसलेल्या आज्यांच्या नवऱ्यांची. नोकरी संपल्यावर सुयांची पेटी सरकारजमा झाली, पण सायकल स्वतःची होती आणि फिरण्याची खोडही स्वतःचीच होती. महिन्यातले वीस-बावीस दिवस ते बाहेर असत.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा. मी चांद्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. माझ्या वडिलांना वाटले, मुलीचे मामा शिक्षण विचारतील, शेती विचारतील. मामाजी समोर येऊन बसले आणि म्हणाले, "जवाईबापू, आ करा." मी वडिलांकडे पाहिले, वडिलांनी भिंतीकडे पाहिले, आणि शेवटी मी आ केला. माझी जीभ चमच्याने दाबून, इकडे-तिकडे टॉर्च फिरवून मामाजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला, "पोरगा चांगला हाये. कल्ले साफ हायेत." मामाजींचे घराणे तळ्यावर मासे धरणाऱ्यांचे, त्यातून शाळेत गेलेले ते पहिलेच. माशाचे कल्ले उघडून आत लाल दिसल्याशिवाय त्यांच्या घरात मासा कोणी घेत नसे, आणि माणसालाही तोच न्याय लावण्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. परतताना आम्ही खाचरात बसलो. वडिलांनी विचारले, "ह्यांनी जावई पसंत केला की रोहू घेतला?"

पण हे नुसते वेड नव्हते. इतकी वर्षे तोंडे पाहून मामाजींच्या एक गोष्ट लक्षात आली होती, जी तिकडच्या शिकलेल्या डॉक्टरांच्याही लक्षात आली नव्हती. न भरणारा फोड, म्हणजे आपण ज्याला कर्करोग म्हणतो तो, सगळीकडे सारखा नव्हता. धानाच्या पट्ट्यात, जिथे बाया आणि माणसे चुना मळलेला तंबाखू गालात दाबून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, दिवसभर चिखल तुडवतात, तिथे फोड गालाच्या आत. माजरीच्या कोळशाच्या खाणीकडे, जिथे एक बिडी विझायच्या आत दुसरी पेटते, तिथे घशात. वर्धा नदीकडच्या कापसाच्या गावांत त्यांनी कमरेवरचे फोड पाहिले होते. धोतराचा किंवा लुगड्याचा काच जन्मभर एकाच जागी बसून चिघळलेले. आणि खाली सिरोंच्याकडे, जिथे मराठीत तेलुगू मिसळते, तिथे म्हाताऱ्या बायांच्या चक्क टाळूवर. "एकच जिल्हा," मामाजी म्हणत, "पन वरोऱ्याचं दुखनं सिरोंच्याले चालत नाई. जसं तिकडच्या भाजीचं सालन इकडे चालत नाई." हे सगळे त्यांनी चांद्यातल्या एका वयस्क डॉक्टरांना ऐकवले. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी तासभर ऐकून घेतले आणि म्हणाले, "नुसतं बोलून काय उपयोग? नकाशावर मांडून आणा, मग पाहू." मामाजी तिथून निघाले ते थेट आमच्या घरी, कारण जावई ड्रॉइंग मास्तर असल्याचा उपयोग त्यांना त्याच दिवशी सुचला होता.

सहा ताव जोडून मी जिल्ह्याचा नकाशा काढला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला, कारण तेवढी मोठी दुसरी भिंत घरात नव्हती. वहीतल्या प्रत्येक फोडवाल्याचा एक ठिपका द्यायचा होता; ठिपके रंगाने काढू असे मी म्हटले, पण मामाजींना ते पटले नाही. रंग उडतो, डाळ उडत नाही, असे त्यांचे मत. गालासाठी मसूर, घशासाठी उडीद, टाळूसाठी हरभऱ्याची डाळ आणि कमरेसाठी मूग अशी वाटणी झाली, आणि आठ दिवस आम्ही दोघे कणकेच्या खळीने चांदा जिल्ह्यावर कडधान्य चिकटवत बसलो. नवव्या दिवशी पाहतो तर उंदरांनी वरोरा तालुका पूर्ण रोगमुक्त केला होता आणि ते ब्रह्मपुरीकडे निघाले होते. मामाजींनी नकाशापुढे उभे राहून एक सुस्कारा सोडला. "आपल्याले तीस वर्सांत जमलं नाई ते यायनं एका रातीत केलं," म्हणाले. त्यानंतर मला रंगाची परवानगी मिळाली. मसुराचा लाल झाला, उडदाचा निळा, हरभऱ्याचा पिवळा आणि मुगाचा हिरवाच राहिला.

मग मंडईचे प्रकरण झाले. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे धानाच्या त्या पट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात लेकी-जावई, व्याही-विहिणी, पंचक्रोशीतले सगळे पाहुणे येऊन पडतात. दुकाने लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, आणि एवढ्याशा गावात पाय ठेवायला जागा राहत नाही. मामाजींना वाटले, आपण गावोगाव सायकल मारतो आणि इथे सगळी गावे एका जागी आपण होऊन येतात! वडशाजवळच्या एका गावच्या मंडईत त्यांनी जिलेबीच्या दुकानाशेजारी ठाण मांडले. जिलेबीसाठी उघडलेले तोंड मिटायच्या आत ते पाहून घ्यायचे, हा बेत. तीन दिवसांत वही भरली. पण लस जिथे टोचली त्या गावाचे नाव पानाच्या माथ्यावर लिहायचे, ही सरकारी नोकरीतली सवय हातात मुरलेली. मामाजींनी प्रत्येक पानावर त्या एकाच गावाचे नाव घातले, मी त्याप्रमाणे ठिपके दिले, आणि ते बिचारे गाव नकाशावर लालभडक होऊन बसले. हा नकाशा मामाजींनी मोठ्या अभिमानाने वडशाच्या बाजारात उघडून लोकांना दाखवला.

चौथ्या दिवशी त्या गावचे पाटील चार माणसे घेऊन चांद्याला आमच्या दारात. मामाजी आतच जेवत होते. पाटील उंबऱ्यातूनच गरजले, "टिकेवाले भाऊ, माह्या गावानं तुमचं काय घोडं मारलं? दोन सोयरिकी मोडून राह्यल्या. मुलीवाले म्हनतेत, त्या गावचं पानीच खराब हाये, तिकडे पोरगी देत नाई." मामाजींनी ताट सारले, नकाशा उतरवला, वही उघडली आणि एक एक नाव वाचू लागले. पाटील प्रत्येक नावाला सांगत, "हा माहा साळा, आरमोरीचा. ही माही विहीन, नागभीडची. हा आमच्या गावचा नाईच." शेवटी वहीत त्या गावचे खरे एकही माणूस उरले नाही, खुद्द पाटीलही नाहीत. मामाजींनी हात जोडले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सायकल काढून दोन्ही मुलीवाल्यांकडे गेले आणि चूक माझी, गावची नाही, असे त्यांना घोळून घोळून समजावून आले. जाता जाता दोन्ही घरांची तोंडेही पाहून घेतली. लग्ने झाली. दोन्ही मांडवांत मामाजींना मानाची टॉवेल-टोपी मिळाली आणि पाटलांनी त्यांच्यापुढे आ केला.

आता प्रत्येकाला राहते गाव विचारायचे ठरले. पुरुषांचे सोपे होते. बायांपाशी गाडे अडले. एक बाई राहते ब्रह्मपुरीकडे, जन्मली सिरोंच्याकडे, तर तिचा ठिपका कुठे द्यायचा? मामाजींचे म्हणणे, सासरी. रेशनकार्ड सासरचे, मतदान सासरी, तर फोडही सासरचाच. चहा देता देता माझी बायको म्हणाली, "मामा, तंबाखू सासरी जाऊन शिकते का कोनी? मायजवळ बसून शिकते. मी इथी अंबाडीची भाजी करतो ते काय यायच्या घरी पाहून? यायच्या घरी कोनी तोंडात घेत नव्हतं." मी मान डोलावली, कारण ते खरे होते. मामाजी बशीतला चहा तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. "पोरी," ते म्हणाले, "तू डाक्टर काऊन नाई झाली वो?" आणि सगळ्या बायांची माहेरे विचारायला ते पुन्हा जिल्हाभर निघाले.

त्या फेरीसारखी मजा त्यांना कधी आली नसेल. तोपर्यंत बाया त्यांच्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नसत. माहेर कुठले, एवढा एक प्रश्न विचारला आणि बाया दार सोडून अंगणात येऊन बसू लागल्या. कोणाच्या विहिरीचे पाणी गोड होते, कोणाच्या चिंचेला किती चिंचा लागत, कोणाचा भाऊ तीन वर्षांत आला नाही, सगळे मामाजींच्या कानावर पडले. पुढच्या गावी जाताना त्यांच्याजवळ निरोपांचे ओझे होई. "माह्या भावाले सांगजा जी, पोळ्याले येजो म्हनावं." मामाजी तो निरोप वाकडी वाट करून पोचवत, आणि भावाचे तोंड पाहून त्याचा उलटा निरोप घेऊन येत. दोन बहिणींचा वीस वर्षांचा अबोलाही त्या फेरीत मिटला. हे सगळे ते आम्हाला येऊन सांगत तेव्हा मामींचा विषय निघाला की मात्र हात हलवत. "तिचं माहेर मले मालूम हाये," म्हणायचे. लग्नात पाहिले होते ना.

मग नवा नकाशा सुरू झाला. एका रविवारी सकाळी मामाजी वहीतून माहेरे वाचत होते आणि मी ठिपके देत होतो. लाल ठिपके धानाच्या पट्ट्यात तिथल्या तिथे जरा इकडेतिकडे झाले. पिवळे मात्र, जे आधी सिरोंच्याबाहेर सगळ्या जिल्ह्यावरही सांडल्यासारखे दिसत होते, ते एकामागून एक खाली सरकू लागले आणि प्राणहिता-गोदावरीच्या काठाने रांगेत बसू लागले. मी आनंदाने ओरडलोच. मामाजींनाही भरते आले. तिकडच्या बाया तंबाखूच्या पानांचा जाड चुट्टा ओढतात, तोही उलटा, जळते टोक तोंडात धरून. मासे साफ करताना, धुणे धुताना हात ओले असतात, नदीवर वारा असतो. निखारा तोंडातच असला की विझत नाही. टाळू भाजते ती तशी. "पाह्यलं का? नकाशानं सांगतलं!" मामाजी म्हणाले आणि पुढचे गाव वाचायला त्यांनी तोंड उघडले. ते उघडेच राहिले. ते गाव मामींचे माहेर होते. त्या गावची एकाखाली एक पाच नावे वहीत होती.

त्यांनी बोटाने पाचही नावे एकदा मोजली. मग म्हणाले, "तुमची मामी चुट्टा ओढत नाई, जवाईबापू. ओढत असती त मले मालूम राह्यलं असतं." मी म्हटले, हो. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. "मालूम राह्यलं असतं का जी?" त्यांनी मला विचारले. महिन्यातले वीस दिवस बाहेर असणारा माणूस, दोन घंट्या वाजवत घरी येणारा, आणि जळते टोक आत असलेला चुट्टा, जो शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही. मी ब्रश धुवायला उठलो.

त्यानंतर जिल्ह्याला आ करायला लावणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या बायकोला तोंड उघडायला लावण्यासाठी जे जे केले ते सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. सरळ विचारायची त्यांची छाती होईना. तुझी दाढ किडली असेल म्हणून पाहिले. मामींनी लाखोळीचे दाणे कडाकडा चावून दाखवले, ओठ मिटून. हसवून पाहिले, मामी पदराआड हसल्या. भाजीत ठेचलेल्या मिरच्या गुपचूप टाकल्या, म्हणजे हाश्शहुश्श करताना तरी तोंड उघडेल. मामी सिरोंच्याकडच्या, त्यांनी ती भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि मामाजींनाच दोन दिवस ताक-भातावर राहावे लागले. शेवटी त्यांनी आम्हाला बोलावणे धाडले. नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या खेड्यात गेलो. मामाजी उतरले होते. सायकल पडवीत उभी होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतक्या लोकायचे फोड पाह्यले, पन असं भेव कधी वाटलं नाई. दिसलं त काय करू जी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको मामींबरोबर तळ्यावर धुणे धुवायला गेली. ती सांगते ते असे. मामी कपडे आपटत होत्या आणि ही बोलत होती, पण मामी नुसत्या 'हूं' म्हणत होत्या. मध्येच मामींच्या नाकातून निळसर धूर निघाला. "मामी," ही म्हणाली, "तुमच्या नाकातून धूर येऊन राह्यला." मामींनी शांतपणे तोंडातून चुट्टा काढला, राख पाण्यात थुंकली आणि म्हणाल्या, "आता पाह्यलं त पाह्यलं. मामाले सांगू नको." हिने नकाशाची गोष्ट सांगितली, पाच ठिपके सांगितले, मिरच्यांचे कारणही सांगितले. मामी धुणे तसेच ठेवून खडकावर बसल्या. मामाजी रागावतील याचे त्यांना भय नव्हतेच. त्या म्हणाल्या, "तुह्या मामाच्या वहीत बाईचं नाव गेलं की ते साल-दोन सालांत मरते. मी इतके वर्सं पाहून राह्यलो. माही माय माह्या लगनाआधीच तशी गेली, टाळूले भोक पडून. मले त्या वहीत जायाचं नाई बाई." आणि इतकी वर्षे सगळ्यांना दिसेल असे कधीही न रडलेल्या मामी तिथे रडल्या.

दुपारी जेवणे झाल्यावर मामी आपण होऊन पडवीत आल्या आणि उन्हाकडे तोंड करून बसल्या. पदर खाली घेतला. "पाह्या," म्हणाल्या, "पन ते वही आत ठेवा." मामाजी आत गेले ते येईनातच. वही ठेवली, चमचा उकळला, हात धुतले, पुन्हा धुतले. मी डोकावून पाहिले तर तिसऱ्यांदा हात धूत होते. बाहेर आले, टॉर्च हातातून पडली, तिची काच फुटली. ऊन पुरेसे आहे, मी म्हटले. मग ते मामींसमोर उकिडवे बसले आणि ज्या शब्दाने त्यांनी जिल्हा जिंकला होता तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. मामींनीच तोंड उघडले.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या बायकोने माझा दंड धरला होता आणि तिची नखे रुतत होती. मामाजींचा चमचा मामींच्या दातांवर किणकिण वाजत होता. "टाळू पांढरी झाली," ते म्हणाले. मग, "लाल लाल बारीक दाने हायेत." मग खूप वेळाने, "फोड नाई." आणि एकदम मोठ्याने, "फोड नाई! नाई जी, फोड नाई!" एवढे बोलून हा उंच, हाडकुळा, अस्वलांना घंटा वाजवणारा माणूस चमचा मामींच्या तोंडात तसाच ठेवून लहान मुलासारखा रडू लागला. मामींनी चमचा काढला. "फोड नाई म्हनता न मंग रडता काऊन?" त्या म्हणाल्या, आणि त्याच पदराने त्यांनी मामाजींचे डोळे पुसले. आमच्यासमोर पुसले, हे त्या काळात केवढे होते ते आज सांगून कळायचे नाही.

मामाजी सावरले आणि त्यांच्यातला टिकेवाला जागा झाला. "चुट्टा आजपासून बंद," ते म्हणाले. "सोडला त टाळू साफ होते. नाई सोडला त..." मामींनी त्यांना पुढे बोलू दिले नाही. "सोडतो," त्या म्हणाल्या. "पन मी चुट्टा काऊन ओढतो ते तुमी कधी इचारलं? तुमी जिल्हा पाहाले जाता. घरात बोलाले भिंतीबिगर कोनी नाई. चुट्टा तोंडात राह्यला त कोनी सोबत हाये असं वाटे. तुमचं फिरनं बंद करा, माहा चुट्टा बंद." नकाशाचा पूर्वेकडचा सगळा भाग अजून कोरा होता. एटापल्लीकडचे जंगल, सूरजागडाचे डोंगर, तिथल्या माडिया आदिवासींची तोंडे, हे सगळे मामाजींनी उन्हाळ्यासाठी राखून ठेवले होते. गेली दोन वर्षे त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. त्यांनी एकदा सायकलीकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं."

आणि त्यांनी शब्द पाळला. पहिले तीन महिने फार कठीण गेले म्हणे. चुट्ट्यावाचून मामींचे डोके फिरे, त्या भांडी आपटत आणि तेलुगूत मामाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मामाजी "वद्दू, वद्दू" म्हणत मागे फिरत. 'नको' या अर्थाचा हा एकच तेलुगू शब्द त्यांना येत होता. मग हळूहळू दोघे पडवीत बसून बोलू लागले. जिल्हाभरच्या बायांना माहेर विचारत फिरलेल्या माणसाला साठाव्या वर्षी कळले की आपल्या बायकोला एक धाकटी बहीण होती आणि ती नदीच्या पुरात गेली. मी गेलो की ते मला मामींच्या माहेरच्या गोष्टी सांगत आणि मामी त्यांना दुरुस्त करत. दर सोमवारी उन्हात बसून टाळू पाहणे होई. वर्षभरात ती गुलाबी झाली. ते सांगायला मामाजींनी मला पत्र टाकले होते, त्यात दुसरे काही लिहिले नव्हते. चांद्याच्या डॉक्टरांनी नकाशा पाहून त्यांची पाठ थोपटली आणि पूर्वेचा भाग केव्हा देता, म्हणून विचारले. मामाजी म्हणाले, "ते कोनी दुसरा पाहीन जी. मले घरी लय काम हाये."

त्यानंतर काही वर्षांनी मामाजी दोन दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन गेले. मामी पुष्कळ जगल्या. चुट्टा त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही आणि त्यांच्या टाळूला शेवटपर्यंत काही झाले नाही. नकाशा माझ्याकडेच राहिला. अजून कधी तो उघडून बसतो तेव्हा मामाजींची फार आठवण येते. नदीकाठच्या त्या गावावर पाच पिवळे ठिपके आहेत. दुखणे झाले त्यांचे ठिपके आम्ही काढले, पण जिला ते होता होता राहिले त्या मामींना कसे दाखवायचे, हे मामाजींना विचारायचे माझे राहून गेले. जन्मभर रंग हाताळूनही मला त्यासाठी रंग सुचला नाही. एकदा ब्रश भिजवून बराच वेळ त्या गावापाशी धरून बसलो होतो, आणि मग तसाच धुवून ठेवून दिला.